जुगाऱ्याचा स्वभाव आणि अड्ड्याचा मालक

एखादे घर जुगारापायी धुळीला मिळाले की शेजारी, नातलग, पोलीस आणि वर्तमानपत्रे एकाच प्रश्नाकडे धावतात : हा माणूस होता तरी कसा? उत्तर तयारच असते. तो हावरट होता, आळशी होता, मनाचा दुबळा होता, संगत वाईट होती. चार बुके शिकलेली मंडळी हेच उत्तर जरा सोवळ्या भाषेत देतात. त्याचे व्यक्तिमत्त्वच मुळी व्यसनाला वश होणारे होते, असे ती म्हणतात. पंचनामा होतो, बायकोचे गहाण पडलेले मंगळसूत्र सराफाकडेच राहते, मुलीची शाळा सुटते आणि प्रकरण मिटते. त्या घरातून गेलेला पैसा कोणाच्या घरी पोहोचला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गमावणाऱ्याचा स्वभाव तपासावयाचा आणि कमावणाऱ्याचा हिशेबही मागावयाचा नाही, अशी ही एकतर्फी चौकशी आहे. तिच्यातून जुगारी कळत नाही आणि जुगार तर मुळीच कळत नाही.

जुगाऱ्याचे मन समजून घेण्याची गरज नाही, असा याचा अर्थ नव्हे. उलट ते नीट समजून घेतले असते, तर ही चौकशी एकतर्फी राहिलीच नसती. आपल्या परंपरेला हे मन फार पूर्वी कळले होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी स्वतःच बोलतो. बायको सोडून गेली, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ ओळख देत नाहीत, कर्जामुळे रात्री दुसऱ्याच्या दारी जावे लागते. पुन्हा खेळणार नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच पाय तिकडेच वळतात. या सूक्तात त्याला शेवटी जो उपाय सांगितला आहे तो ध्यानधारणेचा नाही. शेत कस, असे त्याला सांगितले आहे. म्हणजे हाताला काम आणि घराला धान्य, हे जुगाराचे औषध त्या प्राचीन कवीला ठाऊक होते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक आठवावा. दहा सुवर्णमुद्रांच्या देण्यासाठी सभिक, म्हणजे द्यूतगृहाचा चालक, त्याच्या पाठीमागे लागला आहे आणि तो रस्त्यारस्त्यांतून पळतो आहे. हा मनुष्य जन्माचा जुगारी नव्हता. तो अंग रगडण्याची कला शिकलेला कारागीर होता आणि चारुदत्ताच्या घरी चाकरीला होता. धनी दरिद्री झाला, चाकरी गेली आणि त्यानंतर तो द्यूताकडे वळला. नोकरी आधी गेली, व्यसन मागाहून आले. नाटककाराने घटनांचा हा क्रम सहज मांडला. आजचे नीतिनिरूपण तो क्रम उलटा करून सांगते. वसंतसेनेने त्याला उपदेश केला नाही, त्याचे देणे फेडले. कर्ज फिटल्यावरच त्याला आपल्या आयुष्याचा विचार करण्याची उसंत मिळाली आणि तो भिक्षू झाला.

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नात बरीच प्रगती केली, पण तिची सुरुवात मात्र या दृष्टीने मागे पडलेली होती. दस्तयेव्स्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी १८६६ साली २६ दिवसांत सांगून लिहून घेतली, ती देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे. ठरल्या मुदतीत हस्तलिखित दिले नसते, तर प्रकाशकाला त्याचे लेखन नऊ वर्षे फुकट छापण्याचा हक्क मिळणार होता. दिवंगत भावाचे कर्जही त्याने स्वतःच्या शिरावर घेतले होते. फ्रॉइडने १९२८ साली त्याच्या जुगारवेडाची मीमांसा केली, तेव्हा त्याला तेथे अपराधी भावना आणि आत्मपीडन दिसले. कर्ज ही त्याने निव्वळ सबब मानली. दस्तयेव्स्की १८७१ पर्यंत खेळत राहिला, तेव्हा नुसत्या कर्जाने सारा उलगडा होतो असे नाही. परंतु सावकाराला निबंधातून हद्दपार करून माणसाचे अंतरंग उलगडण्याची जी पद्धत येथे रूढ झाली, तिने जुगाराच्या मालकांचे मोठेच काम केले. पुढे १९५७ मध्ये एडमंड बर्गलर याने तर जुगाऱ्याला मनातून हरावयाचेच असते, असा सिद्धान्त मांडला. ज्याला हरावयाचेच आहे त्याला हरविणारा दोषी कसा? अड्डेवाल्याला याहून सोयीचा वकील मिळणे कठीण.

त्यानंतरच्या संशोधनाने हे चित्र पालटले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अनावर जुगाराला विकार म्हणून मान्यता दिली आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या रोगवर्गीकरणातही त्याला हेच स्थान आहे. कंपवाताच्या काही औषधांमुळे, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली माणसेही जुगाराच्या आहारी गेल्याचे आढळले आणि औषध थांबविल्यावर किंवा कमी केल्यावर अनेकांचे वेडही ओसरले. गोळीने चढणारी आणि गोळी थांबताच उतरणारी गोष्ट ही चारित्र्याची परीक्षा कशी मानावयाची? ब्लाझिन्स्की आणि नाउअर या अभ्यासकांनी २००२ मध्ये व्यसनी जुगाऱ्यांच्या तीन वाटा सांगितल्या. काही माणसे मुळात इतरांसारखीच असतात. सुरुवातीच्या जिंकण्याने आणि मग गमावलेले परत मिळविण्याच्या धडपडीने ती अडकतात. काही बालपणीच्या आघातांमुळे, नैराश्याने वा चिंतेने आधीच पोळलेली असतात आणि खेळताना त्यांना तेवढ्यापुरता विसर पडतो. काही उपजतच उतावळी, जोखीम शोधणारी असतात. स्वभावाचा वाटा आहे तो येथे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु या तिन्ही वाटांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो, असे हेच अभ्यासक सांगतात : जुगार हाताशी उपलब्ध असण्यापाशी. नदीकाठच्या उतारावर कोण आधी घसरेल हे ज्याच्या त्याच्या पायांवर अवलंबून असेल. उतारावर तेल कोणी ओतले, हा प्रश्न तरीही उरतोच.

मुंबईच्या गिरणगावाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले आहे. मटक्याचा जन्म कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर लोक पैसे लावीत. तोच आकड्यांचा जुगार. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबल्यावर कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये आणि रतन खत्री याने १९६४ मध्ये आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, आकडा राहिला. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. परळ-लालबागच्या गल्ल्यांतून बुकींची दुकाने उभी राहिली, ती तेथे गिरण्या होत्या आणि पगाराचा दिवस सर्वांना ठाऊक होता म्हणून. ज्या कापसाचा भाव ठरविण्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कधी आवाज नव्हता आणि ज्याचे सूत काढणाऱ्या कामगाराला त्या भावाशी काही देणेघेणे नव्हते, त्याच कापसाच्या भावावर त्या कामगाराने आपली मजुरी लावावी, याहून भांडवलशाहीचे नेमके चित्र कोणत्या व्यंगचित्रकाराने काढले असते?

गिरणी कामगार आळशी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. आठ तास साच्यावर उभे राहणारा, गावाकडे मनीऑर्डर पाठविणारा, खोलीत दहाजणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा तो मनुष्य होता. त्यातही बदली कामगाराची स्थिती पाहावी. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहावयाचे. एखादा कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाही तर चाळीकडे परत. हाच एक मटका होता आणि तो मालकांनी लावलेला होता. ज्याची रोजची भाकरीच ओपन-क्लोजवर ठरते, त्याला रात्रीचा आकडा परका वाटत नाही. काटकसरीने शंभर वर्षांतही सावकाराचे देणे फिटणार नाही हे ज्याला पक्के कळले आहे, त्याने रुपया लावून नऊ मिळण्याची आशा धरली तर ती त्याच्या परिस्थितीने शिकविलेली आशा होती. हिशेब मात्र त्याच्या विरुद्ध होता. दहा आकड्यांपैकी एक लागणार आणि लागला तर रुपयाला नऊ मिळणार. म्हणजे दर दहा रुपयांतला एक रुपया, कोणी जिंको वा हरो, वर जाणार. हा रुपया वर जाण्यासाठी कोणाच्याही व्यक्तिमत्त्वात दोष असण्याची आवश्यकता नव्हती.

आणीबाणीत समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात होते, तसा रतन खत्रीही १९ महिने तुरुंगात होता. मटक्याचा राजा गजाआड गेला म्हणून मटका संपला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा आत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. ज्यांच्या घामावर गिरण्याही चालल्या आणि मटकाही चालला, ते देशोधडीला लागले. त्यांच्या पोरांच्या ‘वाईट संगती’वर मात्र पुढे पुष्कळ लिहिले गेले.

या साऱ्यात राज्यसंस्था कोणत्या बाजूला उभी होती? मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा, ब्रिटिशांनी केलेला. अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही तो शिक्षा करतो, पण परवाना असलेल्या घोड्यांच्या शर्यतीच्या आवारातील पैज त्याने व्याख्येतूनच वगळली आहे. गल्लीतला आकडा गुन्हा आणि शर्यतीच्या मैदानावरची पैज प्रतिष्ठा. १९९६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. याच न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात अक्षसूक्ताचा आणि महाभारताचा दाखला देऊन, जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे बजावले होते. तो निकाल लागून बारा वर्षे होतात न होतात तोच, १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. मटक्याला पर्याय म्हणून, असे समर्थन झाले. चोराच्या विहिरीतले पाणी वाईट म्हणून शेजारी सरकारी विहीर खणण्यासारखाच हा प्रकार होता. तहान तीच, पाणीही तेच.

येथे डाव्यांनाही आपले हात झटकता येणार नाहीत. देशातील पहिली सरकारी लॉटरी १९६७ मध्ये केरळात निघाली, ती नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात, आणि तिचे जनक अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे. एक रुपयाचे तिकीट, पन्नास हजारांचे बक्षीस. हेतू लोककल्याणाचा होता यात शंका नाही. परंतु श्रीमंतांवर कर बसविण्याची हिंमत अपुरी पडली की गरिबांच्या आशेवर कर बसवावा लागतो, हा त्याचा अर्थ तेव्हाही होता आणि आजही आहे. लॉटरी हा असा कर आहे, की जो भरणारा कुरकुर करीत नाही. उलट रांगेत उभा राहून भरतो.

गोव्यात हेच नाटक अधिक भपक्याने झाले. १९७६ च्या जुगारबंदी कायद्याला १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये जहाजांसाठी वाट करून देण्यात आली आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनो तरंगू लागले. पुढे २०२० पासून गोमंतकीयांनाच तेथे खेळण्यास मनाई झाली. आपल्या माणसांना जे विष म्हणून वर्ज्य करावयाचे, तेच शेजाऱ्याच्या मुलांना पर्यटन म्हणून विकावयाचे, याला कोणते नाव द्यावे? महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला, एवढे श्रेय द्यावयास हरकत नाही.

आता अड्ड्याला गल्ली लागत नाही, बुकी लागत नाही, रात्रीचे नऊ वाजावे लागत नाहीत. अड्डा खिशात आला आहे. कबुतराला प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर ते पोट भरल्यावर थांबते. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला तर ते टोचीतच राहते, हे स्किनरच्या प्रयोगांनी दाखविले, आणि जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते असे त्यानेच सांगितले. नाताशा डाव शुल यांनी २०१२ च्या ग्रंथात लास व्हेगासच्या यंत्रांचा अभ्यास मांडला. खेळणारा उठू नये म्हणून खुर्चीपासून आवाजापर्यंत आणि ‘थोडक्यात हुकले’ असे भासविण्यापर्यंत सारे कसे आखलेले असते, ते तेथे सविस्तर पाहावयास मिळते. म्हणजे जुगाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांत कसून अभ्यास मनोरुग्णालयांनी केलेला नाही, जुगाराच्या कारखानदारांनी केला आहे. एकाने तो अभ्यास माणसाला सोडविण्यासाठी करावयाचा आणि दुसऱ्याने अडकविण्यासाठी. फरक एवढाच, की दुसऱ्यापाशी पैसा अधिक आहे.

आणि जुगार या शब्दाची व्याप्ती तरी कोठे थांबते? ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायद्यांचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे नोंदविले होते. तिशीच्या आतल्या तरुणांचे प्रमाण एकाच वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तोटा होत असूनही तीनचतुर्थांशांहून अधिक लोक खेळत राहिले. या उलट २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांना सुमारे ३३ हजार कोटींचा आणि परदेशी गुंतवणूकदारांना सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा झाला, आणि तो बहुतांशी संगणकीय प्रणालींनी मिळविला. एका बाजूला कंत्राटी नोकरीतला किंवा स्पर्धा परीक्षेच्या जागांची वाट पाहणारा तरुण, दुसऱ्या बाजूला न थकणारे, न घाबरणारे यंत्र. हा आजचा बदली कामगार आहे आणि त्याच्या दरवाजाशी रोज सकाळी नवी नोटीस लागते. याला हावरट म्हणणे सोपे आहे. शिक्षण घेऊनही कायम काम मिळत नाही, घर घेणे जन्मात शक्य दिसत नाही आणि एका बोटाच्या स्पर्शाने नशीब पालटल्याची जाहिरात दिवसरात्र डोळ्यांसमोर नाचते, तेव्हा त्याने नेमके कोणत्या आधारावर धीर धरावा, हे मात्र उपदेशकांनी सांगावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. या कायद्यात खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानता चालविणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. १८८७ च्या कायद्याहून ही दृष्टी निःसंशय पुढची आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु त्याआधीची दोन वर्षे विसरता येत नाहीत. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेण्यास सांगितले होते; प्रजासत्ताकाने १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या साऱ्या रकमेवर शेकडा २८ घेतले. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, लॉटरी आणि शर्यतींवर तो वाटा शेकडा ४० झाला. जे आजही चालू आहे त्यात सरकार भागीदार आहे आणि भागीदाराच्या तोंडचा नीतिपाठ ऐकणाऱ्याला पटत नसतो.

बंदीने जुगार भूमिगत होईल, अशी भीती घातली जाते. ती अगदीच खोटी नाही. मटक्याचा इतिहास तिचा साक्षी आहे. पण त्या इतिहासाचा धडा ‘बंदी नको’ असा नसून ‘नुसती बंदी पुरत नाही’ असा आहे. दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. स्वतःच्या पैशाचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हे तत्त्व म्हणून मान्यच आहे. मात्र ज्या खेळाची सारी रचनाच माणसाची ठरविण्याची शक्ती हिरावून घेण्यासाठी केली आहे, त्याच्या बचावासाठी स्वातंत्र्याचे नाव घेणे हा स्वातंत्र्याचाच अपमान आहे. तिसरा आक्षेप असा, की सारेच गरीब जुगार खेळत नाहीत आणि श्रीमंतही खेळतात. धर्मराज तर सम्राट होता. खरे आहे. परंतु धर्मराज हरला तेव्हाही पणाला द्रौपदी लागली होती, आणि आजही हरणाऱ्याच्या मागून पहिली झळ त्याच्या बायकोलाच लागते. श्रीमंताचे वाढावा गमावणे आणि कामगाराचे पुढल्या महिन्याचे रेशन गमावणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

मग मागणी कोणती? १८८७ च्या कायद्यातून खेळणाऱ्याची शिक्षा काढावी आणि चालविणाऱ्याची वाढवावी. जुगारातून, लॉटरीतून आणि कॅसिनोंतून येणारा कर जोवर घेतला जातो, तोवर त्याचा ठरावीक हिस्सा जिल्हा रुग्णालयांतील उपचारासाठी राखून ठेवावा आणि सरकारी लॉटरी बंद करण्याची तारीख जाहीर करावी. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हा दारुड्या आणि गर्दुल्ला हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, हे महाराष्ट्राला नव्याने कळले; जुगाऱ्याच्या बाबतीत ती ओळख अजून व्हावयाची आहे. १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. ती गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामांपर्यंत आणि वसतिगृहांपर्यंत पोहोचवावी. जुगाराच्या कर्जापायी घरावर धाड घालणाऱ्या वसुलीदारांना लगाम घालावा, आणि कर्जाची तोड हा उपचाराचाच भाग मानावा. संवाहकाची गोष्ट हेच सांगते. कामगार संघटनांनीही सभासदाचे व्यसन ही त्याची खासगी बाब म्हणून झटकू नये.

आणि या सर्वांच्या मुळाशी कायम रोजगाराचा प्रश्न आहे. उद्याच्या भाकरीची खात्री असलेला मनुष्यही कधी मोहात पडेल. त्याला सावरावयास वैद्य पुरेल, मित्र पुरेल. परंतु ज्या समाजाने कोट्यवधी तरुणांचे उद्याच पणाला लावले आहे, त्याने त्यांतल्या हरलेल्यांना जुगारी म्हणावे हा शुद्ध कांगावा आहे. जुगाऱ्याचे व्यक्तिमत्त्व अवश्य तपासावे. तपासणाऱ्यांनी त्याच टेबलावर अड्ड्याच्या मालकाची वही आणि सरकारच्या महसुलाचा तक्ताही ठेवावा. तीनही कागद एकत्र वाचल्याशिवाय रोगाचे निदान पुरे होणार नाही.